पत्राशेड

पहिल्यांदा बघणाऱ्याला ते तात्पुरतं वाटतं. चार लोखंडी खांब, वर अँगलची कैची, तिच्यावर हुकांनी आवळलेले पत्रे, खाली कोबा आणि पुढे शटर. काल उभं केलं, उद्या खोलून नेलं, असा एकंदर चेहरा. पण तळवडे, चिखली, भोसरीच्या गल्ल्यांतून हिंडलात तर वीस-वीस वर्षं एकाच जागी मुक्काम ठोकलेली शेडं भेटतात. मालकाची पोरं शिकून नोकरीला लागली, समोरचा रस्ता डांबरावर डांबर चढून हातभर उंच झाला, त्यामुळे शेडचा उंबरा खड्ड्यात गेला आणि पावसाळ्यात दारात वाळूची पोती लावायची वेळ आली. तरी मालकाला विचारा, तो म्हणणार, "सध्यापुरतं आहे हो."

पिंपरी-चिंचवडच्या बातम्यांत त्याचं नाव जोडून छापतात : पत्राशेड. बातमीत ते दोनदाच येतं, जळताना आणि पडताना. मधली सगळी वर्षं ते मुकाट काम करत असतं.

त्याचा जन्म गुंठ्यात झाला. एमआयडीसीने साठच्या दशकापासून गावांच्या जमिनी घेतल्या, कारखाने आले, कारखान्यांमागे माणसं आली. संपादनातून जी शेतं वाचली, ती भावाभावांत वाटली गेली आणि मग गुंठ्यागुंठ्याने विकली गेली. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. ज्याला तेवढाही परवडला नाही त्याने अर्धा घेतला. अर्ध्या गुंठ्यात घर बांधलं तर अंगण उरत नाही, आणि शेड ठोकलं तर मागची गल्ली उरत नाही. म्हणून आपल्या शेडच्या तीन भिंती शेजाऱ्यांना चिकटलेल्या असतात. डावीकडे पावडर कोटिंगवाला, उजवीकडे पुठ्ठ्याच्या खोक्यांचं गोडाऊन, पाठीला पाठ लावून भंगारवाला. मोकळी बाजू एकच, रस्त्याची. तिथे शटर. माणूस, माल, हवा, उजेड आणि चहाचा पोऱ्या, सगळे त्याच एका तोंडाने आत-बाहेर करतात.

आत गेलं की डोळ्यांना जरा वेळ लागतो. मग पॉवर प्रेस दिसतो, मग दोन जुने लेथ, मग बाकड्यावर बसून सुट्या भागांचे बर काढणाऱ्या बायका. कूलंट आणि थिनर मिळून झालेला वास डोक्यात बसतो. एका कोपऱ्यात लोखंडी शिडी, शिडीवर पोटमाळा, पोटमाळ्यावर चार गाद्या, एक स्टोव्ह, दोरीवर वाळत घातलेले शर्ट. दिवसपाळीची माणसं रात्री तिथेच झोपतात. त्यातला कुणी बीडचा असतो, कुणी लातूरचा, कुणी बिहारचा. एप्रिल-मे महिन्यात पत्रा एवढा तापतो की दुपारी तो स्वतःच टक्टक् वाजायला लागतो. "बोलतंय बघ," असं बायका एकमेकींना म्हणतात.

पत्राशेड लपूनछपून राहतं असा एक समज आहे. तो साफ चुकीचा. या माणसाइतकी कागदपत्रं आमच्या गल्लीत कुणाकडे नसतील. तलाठ्याच्या दप्तरी, सातबाऱ्यावर, ते आजही शेत आहे. महापालिकेच्या करसंकलन विभागात त्याला मिळकत क्रमांक आहे आणि बिल वेळच्या वेळी येतं. महावितरणकडे त्याच्या नावाचा थ्री-फेज मीटर आहे. उद्यम नोंदणी आहे, जीएसटी क्रमांक आहे, बँकेत चालू खातं आहे. चाकणच्या एका पुरवठादाराच्या पुरवठादाराच्या यादीत त्याला व्हेंडर कोडसुद्धा आहे. म्हणजे शेतीखातं त्याला ओळखतं, करखातं ओळखतं, वीज ओळखते, दिल्ली ओळखते. ओळखत नाही एवढंच एक टेबल : आग लागली तर इथली माणसं बाहेर कशी पडणार, हे विचारणारं.

महाराष्ट्रात त्यासाठी कायदा आहे आणि तो चांगला आहे. आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६; अंमल डिसेंबर २००८ पासून. इमारतीत आगीची यंत्रणा बसवायची, ती चालू असल्याचं परवानाधारक एजन्सीकडून वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, लिहून घ्यायचं. तोच तो 'फॉर्म बी'. एजन्सीचे पैसे मालकानेच द्यायचे, म्हणजे परीक्षार्थ्यानेच परीक्षकाची फी भरायची, ही त्यातली गंमत सोडून देऊ. आपल्या शेडची अडचण त्याच्याही आधीची आहे. अग्निशमनचा दाखला मागायला मंजूर नकाशा लागतो. नकाशा मंजूर व्हायला जागा बिगरशेती लागते, झोन बरोबर लागतो, पुढे-मागे सोडलेली जागा लागते. अर्ध्या गुंठ्याकडे यातलं काहीच नसतं. त्यामुळे एखाद्या शेडमालकाच्या मनात खरोखर आलं की चला, सगळं रीतसर करू, तर त्याला खिडकीवर पहिला प्रश्न येतो, "बांधकाम परवानगी आहे का?" आणि तो नाही म्हणाला की अर्ज राहतो बाजूला, त्याने आपल्याच हाताने आपल्या पाडकामाची माहिती दिलेली असते. शहाणा माणूस मग खिडकीकडे जातच नाही.

तळवडे-चिखलीकडे या नाटकात आणखी एक अंक आहे, रेड झोनचा. देहूरोडच्या लष्करी दारूगोळा कोठाराभोवती दोन हजार यार्डांपर्यंत बांधकामाला मनाई आहे. तळवडे, चिखली, रुपीनगर, निगडी, यमुनानगर यांचे भाग त्यात येतात. मनाईमागचा विचार उघड आहे : कधी स्फोट झालाच तर माणसं जवळ नसावीत. प्रत्यक्षात झालं असं की मनाई आहे म्हणून जमीन स्वस्त राहिली, स्वस्त म्हणून गुंठे खपले, गुंठे खपले म्हणून घरं आणि शेडं उभी राहिली, आणि परवानगी मुळातच मिळू शकत नाही म्हणून त्यातल्या कशाचीही तपासणी होऊ शकली नाही. आगीच्या भीतीने आखलेल्या वर्तुळाच्या आतच आग विझवण्याचा कायदा पोचेना.

इन्स्पेक्टर लोकांना आपण उगाच बोलतो की यांना दिसत नाही. दिसतं. साहेब त्याच रस्त्याने रोज घरी जातात. पण त्यांच्या नोकरीत दिसणं वेगळं आणि नोंदवणं वेगळं. एखाद्या शेडपाशी थांबून त्यांनी वहीत लिहिलं की आत चौदा माणसं, दार एक, थिनरचे पिंप सहा, तर त्या ओळीपासून ते शेड साहेबांच्या गळ्यात पडलं. पुढची पायरी नोटीस, नंतर पाडकाम, पाडकामाला पोलीस बंदोबस्त. बंदोबस्ताच्या आदल्या रात्री फोन. फोनवर दादा असतात, भाऊ असतात, अण्णा असतात. आणि यातलं काही न करता नुसती नोंद करून ठेवली, आणि पुढे आग लागली, तर चौकशीत पहिली सही साहेबांचीच निघणार. न लिहिणाऱ्याची सही कुठेच नसते. एकूण व्यवस्था अशी बसली आहे की जो पाहतो तो अडकतो आणि जो मान वळवतो तो वेळेवर निवृत्त होतो.

कारखाना म्हणून तरी कुणी त्याच्याकडे पाहावं? १९४८ च्या कारखाना कायद्यात विजेवर चालणाऱ्या जागी दहा कामगार असले की ती जागा कारखाना व्हायची. महाराष्ट्राने २०१५ मध्ये तो आकडा वीस केला, नव्या केंद्रीय श्रमसंहितेतही तो वीसच आहे. कारण सांगितलं गेलं की छोट्या उद्योजकाच्या मागचा इन्स्पेक्टर राजचा ससेमिरा सुटावा. तक्रार खोटी नव्हती. दिवाळीला पाकीट न्यायला येणारे सगळ्यांनी पाहिलेत. पण इलाज असा झाला की पाकीटही गेलं नाही आणि जो एखादा पोटमाळ्याची शिडी हलवून बघायचा तोही गेला. संहितेत तर निरीक्षकाच्या पदनामाला 'सुविधा देणारा' अशा अर्थाची शेपटी जोडली आहे. शेडने या बदलाला आपल्या पद्धतीने दाद दिली. पूर्वी हजेरीपट नऊवर थांबायचा, आता एकोणिसावर थांबतो. विसावी मावशी येते, काम करते, पगारही घेते. हजेरीपटावर मात्र ती उगवत नाही.

आता त्याच्या राजकीय वजनाविषयी. पत्राशेडला मत नसतं, पण त्याच्या सावलीत मतं असतात. २०१२ साली डॉ. श्रीकर परदेशी पिंपरी-चिंचवडचे आयुक्त म्हणून आले. अनधिकृत बांधकामं पाडण्याचे उच्च न्यायालयाचे आदेश होते. बांधकामं हजारोंच्या संख्येत होती. परदेशींनी पाडायला सुरुवात केली. फेब्रुवारी २०१४ मध्ये, मुदत पुरी होण्याआधी, त्यांची बदली झाली. ते वर्ष लोकसभेचंही होतं आणि विधानसभेचंही. काही लोक बदलीविरुद्ध रस्त्यावर आले, काहींनी सुटकेचा श्वास टाकला, आणि दोन्ही गट याच शहरात घरपट्टी भरणारे होते.

आणि ती शास्ती! २००८ साली कायद्यात तरतूद आली : बांधकाम अनधिकृत असेल तर मालमत्ताकराच्या दुप्पट शास्ती, दरवर्षी. वर एक खुलासा, की शास्ती भरली म्हणून बांधकाम नियमित झालं असं कुणी समजू नये. इतकं प्रामाणिक वाक्य सरकारी छापील कागदावर क्वचित वाचायला मिळतं. गुन्हा चालू ठेवा, भाडं भरत राहा, आणि गुन्हेगारच राहा. पुढची दहाएक वर्षं या शहरातल्या प्रत्येक निवडणुकीत शास्तीमाफीचं आश्वासन होतं. आधी लहान घरांना, मग जरा मोठ्या घरांना अशी ती हप्त्याहप्त्याने सुटत गेली, आणि २०२३ साली थकलेली शास्ती माफ झाल्याचा निर्णय निघाला. फटाके वाजले, फ्लेक्स लागले. एवढ्या वर्षांच्या भांडणात शास्ती किती घ्यावी यावर चर्चा झाली, कधी सोडावी यावर झाली, श्रेय कुणाचं यावर तर झालीच झाली. त्या पैशांतून शेडला मागून एक दार पाडून द्यावं, हे कुणाच्या जाहीरनाम्यात आलं नाही.

शेडचे श्रीमंत नातेवाईक चाकणला राहतात. बजाज, फोक्सवॅगन, मर्सिडीज, महिंद्र यांचे कारखाने तिथे आहेत. तिथल्या फाटकांवर फलक असतो : अपघाताविना आजवर इतके दिवस. ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन, शपथ, घोषवाक्य स्पर्धा. १४ एप्रिलला अग्निशमन सेवा सप्ताह सुरू होतो, १९४४ च्या मुंबई गोदीतल्या स्फोटाच्या आठवणीत. जमिनीवर पिवळे पट्टे, पट्ट्यांच्या आतूनच चालायचं. हे सगळं खरं आहे आणि उपयोगाचंही आहे. मोठ्या कंपनीचा ऑडिटर पहिल्या पायरीच्या पुरवठादाराकडे जातो, क्वचित दुसऱ्या पायरीच्या. मग पायऱ्या अरुंद होत जातात. तिसऱ्या-चौथ्या पायरीवर आपलं शेड बसलेलं असतं, आणि तिथे ऑडिट व्हॉट्सअॅपवर होतं. "फायर एक्स्टिंग्विशरचा फोटो पाठवा." मालक लाल सिलिंडर आणतो, भिंतीला टांगतो, फोटो पाठवतो. दुसऱ्या दिवसापासून त्या खिळ्यावर डबे टांगले जातात. चूक कुणाचीच नाही. प्रत्येकाने आपल्यापुरता कागद पुरा केलेला आहे.

मग ८ डिसेंबर २०२३. शुक्रवार. तळवड्यातल्या एका शेडमध्ये वाढदिवसाच्या केकवर लावायच्या, फुलबाजीसारख्या तडतडणाऱ्या मेणबत्त्या बनत होत्या. चिमूटभर दारू भरायची, नळी बंद करायची, खोक्यात रचायची. हलकं, बैठं, बायकांचं समजलं जाणारं काम. दुपारी आग लागली. सहा जण तिथेच गेले, त्यात बहुतेक बायका. पुढच्या दिवसांत रुग्णालयातून एकेक बातमी येत राहिली आणि आकडा दहाच्या पुढे गेला. कारखान्याला परवानगी नव्हती, हे त्यानंतर सांगण्यात आलं. केकवर दहा सेकंद तडतडून विझणारी वस्तू. ती आपल्या हातात येण्याआधी कुणाच्या मांडीवर भरली जाते, हा प्रश्न त्या आठवड्यात शहराला पहिल्यांदा पडला. दुसऱ्या आठवड्यात वाढदिवस चालू होते.

त्याच वर्षी, ३० ऑगस्टला, राखीपौर्णिमेच्या दिवशी पहाटे चिखलीच्या पूर्णानगरमध्ये एका हार्डवेअर-इलेक्ट्रिकल दुकानाला आग लागली होती. आत आई, वडील आणि दोन मुलं झोपलेली होती. चौघंही गेली. ते शेड नव्हतं, दुकान होतं. पण कूळ एकच. खाली धंदा, वर अंथरूण, आणि पुढे शटर. मुळशी तालुक्यातल्या उरवड्यात ७ जून २०२१ रोजी रसायनांच्या कारखान्यातल्या आगीत सतरा जण गेले, त्यांत पंधरा बायका होत्या. तारखा वेगळ्या, तालुके वेगळे, माल वेगळा. आत बसणारे हात तेच.

आगीनंतर शेड अचानक सगळ्यांना दिसायला लागतं. काल ज्याच्या अंगावर कुणाची नजर ठरत नव्हती, त्याच्यापुढे आज गाड्यांची रांग. मंत्री येतात, मदत जाहीर होते, समिती बसते. एक खातं सांगतं, आमच्याकडे नोंदणी नव्हती. दुसरं सांगतं, आमच्याकडे अर्जच आला नव्हता. तिसरं सांगतं, आम्ही फक्त बिल देतो. यातलं एकही वाक्य खोटं नसतं. तीन खऱ्या वाक्यांच्या मधल्या फटीत माणसं जळाली, एवढंच.

असं फक्त आपल्याकडे होतं असंही नाही. ढाक्याजवळ सावारला राणा प्लाझा नावाची इमारत २४ एप्रिल २०१३ रोजी कोसळली. वरचे मजले बेकायदा चढवलेले. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते, तरी शिवणकामाच्या मजुरांना सकाळी आत बोलावलं. ११३४ जण मेले. त्यानंतर तिथे एक वेगळी गोष्ट घडली. कपडे विकत घेणाऱ्या परदेशी कंपन्यांना कामगार संघटनांनी करारात बांधलं : आमचे इन्स्पेक्टर तुमच्या पुरवठादारांच्या इमारती तपासतील आणि अहवाल सगळ्यांना वाचायला मिळतील. त्याने बांगलादेश स्वर्ग झाला नाही. पण तपासणीची वही साहेबाच्या खणातून बाहेर आली, आणि माल घेणाऱ्याला "मला काय माहीत" म्हणायची सोय राहिली नाही. चाकणच्या फाटकावरच्या फलकात शेडमधले दिवसही मोजायचे ठरले, तर तो आकडा किती उरेल?

आपल्याकडे शेडकडे पाहायच्या नजरा दोनच. एक बिल देणारी, दुसरी जेसीबीची. पहिली वर्षानुवर्षं चालते, दुसरी एका पहाटे येते. चिखलीच्या कुदळवाडीत ती ८ फेब्रुवारी २०२५ ला आली. आठवडाभरात चार हजारांहून जास्त बांधकामं भुईसपाट झाली : भंगाराची गोडाऊनं, वर्कशॉप, छोटे कारखाने. तिथल्या आगी आणि धूर शहराला वर्षानुवर्षं परिचयाचे होते, तेव्हा कारवाईला कारण नव्हतं असं कुणी म्हणू शकत नाही. पण ज्या शेडांत दोन दारं पाडली असती, पिंपं वेगळी ठेवली असती तर माणसं सुखरूप राहिली असती, आणि ज्यांना खरंच एक दिवसही उभं ठेवायला नको होतं, त्या दोघांना जेसीबीने एकाच दाताने उचललं. निवड करायची तर आधी आत जाऊन बघावं लागतं.

पाडकामानंतर चार दिवसांनी तिथे एक दृश्य दिसत होतं. ढिगाऱ्यातून माणसं पत्रे ओढून काढत होती. वाकलेले वेगळे, बरे वेगळे. बरे पत्रे टेंपोत चढत होते.

कारण पत्राशेड मरत नाही. आळंदीच्या पुढे, चाकणच्या अलीकडे, एखाद्या हरभऱ्याच्या रानात आखणीचा चुना पडलेला असतो. वेल्डरने खांब उभे केलेले असतात. जुने पत्रे वर चढतात, त्यांच्यावर जुन्या हुकांची भोकं तशीच असतात आणि उन्हाचे बारीक गोल कोब्यावर पडतात. पावसाळ्याआधी ती एमसीलने बुजवायची आहेत, एवढं मालकाने वहीत लिहून ठेवलंय. मीटरचा अर्ज गेला आहे. व्हेंडर कोड जुनाच चालतोय.

शेवटचा अँगल जोडायच्या आधी वेल्डर काच वर करून विचारतो, "शेठ, मागं एखादं दार काढू का? पत्रा कापायला अर्धा तास लागंल."

शेठ मागे वळून बघतो. तिथे अजून नुसता हरभरा आहे.

"नको रे," तो म्हणतो. "तो गुंठा पण विकला गेलाय."